दिल्या, त्या मटणाचा सूड

दिल्या,

तुला खांदा द्यायला वाकलो तेव्हा सवयीने मी पाय रोवले, पोटात श्वास भरला, कंबर ताठ केली आणि तिरडी उचलली. आणि फसलो. तू हलका निघालास. चौघांत वाटल्यावर एकाच्या खांद्यावर कितीसं येणार, एवढं गणित मलाही येतं. पण अंगाने तुझ्यासाठी जी तयारी केली होती तिचं काय करायचं? जोर जास्त झाला, माझा कोपरा एकदम वर गेला, आणि मागून तुझा मेव्हणा ओरडला, "आवं भाई, सावकाश! पाडताय काय त्यास्नी?" मेल्यावरही चारचौघांत माझी शोभा करायची संधी तू सोडली नाहीस.

मग घाटावर भाषणं झाली. एकजण म्हणाला, निर्मळ मनाचा माणूस होता. दुसरा म्हणाला, आयुष्यात कुणाला फसवलं नाही. मला जोराचा ठसका लागला. लोकांना वाटलं हुंदका. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो. घाटावर उभं राहून मटणाची गोष्ट काढणं बरं दिसलं नसतं. इथे कागदावर मला कोण अडवणार? तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ झाले. माझं काम वेगळं आहे.

साताऱ्यात मला शौकतभाई म्हणतात. सासऱ्यांच्या बांगड्यांच्या दुकानात मी गादीवर बसतो, बायका समोर हात धरतात, मी चुडा भरतो. सांगलीत पाऊल ठेवलं की मात्र मी शौक्या, तो तुझ्यामुळे. एकाच तालमीच्या मातीत आपण लोळलो. कुस्तीत दोघांनीही काही दिवे लावले नाहीत. तालमीच्या मागच्या खोलीत लोखंड आलं तेव्हा तू म्हणालास, "शौक्या, हितं चल. बार काय आपल्याला चीत करत न्हाई." पॉवरलिफ्टिंग हे त्याचं नाव आपल्याला फार पुढे कळलं. बार चीत करत नाही हे तुझं म्हणणं खोटं होतं, हेही पुढेच कळलं. बेंचवर झोपून छातीवर बार घेतला आणि तो तिथेच मुक्कामाला राहिला, तेव्हा तू तो काढायच्या आधी पोटभर हसून घेतलंस. सूड घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करता येईल, पण ती किरकोळ बाब झाली.

आपलं खरं भांडण एकच, आणि ते आयुष्यभर पुरलं. डेडलिफ्ट. जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं, बस्स. मी पाय जवळ ठेवून, वाकून, पाठीच्या जोरावर उचलणारा. तू पाय पार दोन्हीकडच्या प्लेटांपर्यंत फाकवून, सुमो पद्धतीने. नियमात दोन्ही बसतं. "म्हशीची धार काढाय बसलाईस काय रं?" असं मी म्हणायचो. "आणि तू काय पडलेले आठाणे शोधतोयस व्हय?" असं तू. मी म्हणायचो, सुमो ही लबाडी हाय, पाय फाकवले की बारला कमी अंतर जावं लागतं. त्यावर तू एकदा भर चौकात म्हणालास, "लांबनं जाणं म्हंजे प्रामाणिकपणा व्हय रं? मग साताऱ्यासनं सांगलीला कोल्हापूरवरनं येत जा की!" चहावाला हसला. विषय बदलायला मी दोन चहा सांगितले.

आता मटण.

मागच्या साली सांगलीतली मीट, म्हणजे पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा. पन्नाशी ओलांडलेल्यांचा गट, त्यात आपण दोघंही त्र्याऐंशी किलोच्या आतले. सकाळी वजन घेतात, काटा त्र्याऐंशीच्या जरासा पुढे गेला की माणूस वरच्या गटात, रेड्यांमध्ये. मी आदल्या दिवसापासून जेवण मोजून, पाणी घोटाघोटाने घेत, सुकलेल्या दोडक्यासारखा तुझ्या घरी उतरलो होतो. सकाळी उठून पाहतो तर पुढ्यात ताट. सुक्कं मटण, वाटीत रस्सा, शाळूची भाकरी, खर्डा.

"दिल्या, वजन हाय अजून."

"वजन? ते ह्या साली उलटं केलंय रं. आधी उचलायचं, मागनं वजन. माने सरांनी नवीन नियम काढलाय."

आणि मी मानलं. उचलून झाल्यावर वजन घेऊन काय करणार, हा प्रश्न मला पडला नाही. रश्श्याच्या वासापुढे माझी अक्कल कधीच फार वेळ टिकलेली नाही.

"हलाल हाय," तू म्हणालास. "तुमच्या खाटकाच्या दारात उजाडायच्या आधी जाऊन हुभा ऱ्हायलोय. खा बिनघोर."

हे मला सर्वांत जास्त सलतं. माझा धर्म बुडू नये म्हणून तू अंधारात उठलास, गल्ली ओलांडून गेलास, थंडीत दारात उभा राहिलास. आणि तेच मटण आणून माझा गट बुडवलास. एवढ्या काळजीने कुणी कुणाला फसवतं का? मी विचारलं, तू का जेवत नाहीस? तू डोळे मिटून, हात जोडून म्हणालास, "आज संकष्टी हाय माझी." मी तुझं कौतुक केलं, दिल्या. उपाशी पोटी बार उचलणार हा गडी, श्रद्धा म्हणतात ती हीच, असं मी तुझ्या तोंडावर म्हणालो आणि आणखी एक भाकरी घेतली. बांगड्यांचा धंदा सगळा सणावारांवर चालतो. संक्रांत, नागपंचमी, वटपौर्णिमा, सगळ्या तिथ्या मला तोंडपाठ. त्या दिवशी संकष्टीच नव्हती, हे मला काट्यावर उभा राहिल्यावर आठवलं.

काटा पुढे गेला. मी बनियन काढली, विजार काढली, टॉवेलच्या आडोशाने उरलंसुरलंही काढलं. मैदानाला फेऱ्या मारल्या, डब्यात थुंकलो. क्लबचे माने सर, तेच आयोजक, तेच मुख्य पंच, काट्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "शौकतभाई, कपडे काढता येत्यात, ताट काढता येत न्हाई हो."

वरच्या गटात मेढ्याचा एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याची मान माझ्या मांडीएवढी. शिरवळच्या कारखान्यातला एक वॉचमन होता, तो बारकडे असा बघायचा की बारनेच आपण होऊन उठावं. त्या दोघांत मी म्हणजे दोन नारळांमधली सुपारी. खाली तुझ्या गटात तुला अडवणारं कुणी उरलंच नव्हतं. तू आरामात जिंकलास. तरी शेवटची डेडलिफ्ट निघाली असती तर किमान शेवटचा नंबर चुकला असता. बार तयार झाल्याचा पुकारा झाला. पुकाऱ्यानंतर सुरुवात करायला एक मिनिट देतात. मी बारखालच्या लाकडी फळ्यांना हात लावून कपाळाला लावला, तालमीतली सवय. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुझा आवाज आला.

"शौक्या! बांगड्या काढून ठेव रं आधी, फुटतील!"

अख्खा हॉल खदखदून हसला. माने सरसुद्धा कागदाआड हसले. दुसरा कुणी बोलला असता तर मी सोडून दिलं असतं. हा विनोद मी रोज दुकानात ऐकतो, गिऱ्हाइकांना मीच ऐकवतो. पण तुझं मटण खाऊन तुझंच ऐकायचं? मी बारकडे पाठ केली, मांडीवर शड्डू ठोकला आणि तुला ललकारलं, "ये की हितं! ये!" तू बसल्या जागी शड्डू ठोकलास. मी परत ठोकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंगात आली होती जुनी तालीम. मग वळून बारवर वाकलो तर घड्याळ संपलं होतं. माने सर म्हणाले, "शौकतभाई, कुस्त्या जत्रंत असत्यात. बाद."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तुझे फोन घेतले नाहीत. तू एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती भडंगाचं पार्सल पाठवलंस. ते मी स्टँडवर जाऊन घेतलं, घरी आणून खाल्लं, पण फोन केला नाही. मला एवढाच स्वाभिमान जमतो.

मग मी वर्षभर एकच काम केलं. तुला हरवायचं, आणि तेही तुझ्याच हत्याराने. मी सुमो शिकलो. साताऱ्याच्या जिममध्ये सगळ्यांना शपथ घातली, सांगलीचं कुणी आलं तर यातलं बोलायचं नाही. घरी झाडू आडवा धरून, पाय फाकवून सराव करायचो. तुझी रेहानावहिनी एकदा दारात येऊन बघत राहिली. "या अल्ला, कंबर धरली का तुमची?" म्हणाली. नाही म्हटलं. "मग ह्या वयात असं का उभे राहिलात?" दिल्याला दाखवायचंय म्हटलं. ती म्हणाली, "त्यांनी काय बिघडवलंय तुमचं?" मी मटणापासून सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती. तुमची दोघांची तेव्हापासून युती असणार.

हाताला घट्टे पडले. एक बाई पोरीचा चुडा भरायला आल्या नि म्हणाल्या, "भाई, हात हाय का कानस? पोरीला ओरखडा आला की." मी घट्ट्यांना व्हॅसलीन चोळायला लागलो, आणि एका सकाळी तसाच जिमला गेलो. बार हातातून सुटला तो सरळ पायाच्या अंगठ्यावर. नख काळं झालं, गळून पडलं. तेही तुझ्याच नावावर आहे.

हे सगळं कशासाठी? एका क्षणासाठी. तू समोर पहिल्या रांगेत बसलेला, मी बारपाशी येणार, तुझ्याकडे बघणार, आणि काही न बोलता पाय फाकवणार. तुझं तोंड उघडं पडलेलं मला बघायचं होतं. त्या तोंडासाठी मी वर्षभर पहाटे उठलो. आणि मीट तोंडावर आली असताना तू मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यांमध्ये, बोलता बोलता खाली बसलास आणि उठला नाहीस. ही कुठली पद्धत झाली? मरायला माझी ना नव्हती. पण आधी हरायचं होतंस.

माझ्या बापाच्या मातीला तू साताऱ्याला आला होतास. आम्ही तीन मुठी टाकल्या, तू थांबलाच नाहीस. सगळे मागे सरले तरी तू फावडं मागून घेऊन माती ओढत राहिलास, शर्ट भिजेपर्यंत. मग माझ्याजवळ येऊन म्हणालास, "चाचांनी मला तालमीत पैल्यांदा दूध पाजलं हुतं." एवढंच. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आताही मानत नाही. आज मी सूडावर आहे.

तुझ्या क्लबच्या हॉलमध्ये तो काळा बोर्ड आहे ना, प्रत्येक गटातली सर्वांत मोठी डेडलिफ्ट लिहिलेला? आपल्या गटापुढे तुझं नाव आणि दोनशे दहा किलो. माणूस गेला, पण नाव होतं. मी ठरवलं, तू नाहीस तर तुझं नाव. ते पुसल्याशिवाय साताऱ्याला जायचं नाही.

मीटच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. सुनंदावहिनींनी पाणी आणलं, मागोमाग ताट. मी हात आवरले. म्हटलं, "वहिनी, वजन झाल्याबिगर मी तुमच्या घरातलं पाणीबी घेणार न्हाई. मला ह्या घरचा पाहुणचार म्हाईत हाय."

त्या आधी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण तुझी लेक आतून बघायला आली. मग वहिनी डोळ्याला पदर लावून बसल्या.

"भावजी, मला तरी कुटं ठावं हुतं? मला वाटलं पावणा आलाय म्हणून एवढं करत्यात. तुमी काट्याकडं गेल्यावर मला म्हणाले, शौक्या गेला वरच्या गटात."

"पण कशापायी वहिनी? त्याला काय कमी हुतं?"

"भ्याले हुते की तुमाला." वहिनींनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "कुणीतरी तुमचा जिमातला व्हिडिओ दाखवला हुता. रातभर कूस बदलत हुते. म्हणाले, ह्या साली शौक्याम्होरं आपलं काय खरं न्हाई."

दिल्या, हे तू माझ्या तोंडावर म्हणाला असतास तर मी मटणासकट सगळं माफ केलं असतं. नाही, केलं नसतं. पण निदान हे वाक्य मी वर्षभर जिभेवर घोळवलं असतं. आयुष्यभर तू मला हसलास, आणि मी घाबरण्याइतका चांगला आहे ही बातमी मला तुझ्या बायकोकडून, तू गेल्यावर मिळावी? तिथे ओट्यावर बसल्या बसल्याच माझा राग दुप्पट झाला. वहिनींना वाटलं मला गहिवरून आलं. तसंही होतं थोडं.

दुसऱ्या दिवशी काटा नीट थांबला. खांद्यावर बार घेऊन बसा-उठायचे स्क्वॉट झाले, बेंच झाली, मी शहाण्यासारखा वागलो. डेडलिफ्टच्या दोन उचली जुन्याच पद्धतीने काढल्या आणि तिसरीला दोनशे साडेबारा सांगितले. माने सरांनी मान वर केली.

"साडेबारा? म्हंजे दिलीपच्या वर?"

"व्हय."

हॉलमध्ये कुजबुज फिरली. जिंकायला मला एवढं वजन लागत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. मागून कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, "आवं भाई, तेराव्याचं जेवण पचू द्या की लोकांस्नी." दुसरा म्हणाला, "फुडल्या साली केलं असतं तर काय बिघडलं असतं?" ते बरोबर होते. पण पुढल्या साली माझा राग एवढा ताजा राहील याची मला खात्री नव्हती. राग निवला असता तर मग तुझं दुसरंच काहीतरी अंगावर आलं असतं, आणि ते उचलायची माझी तयारी झालेली नाही.

मी गेलो. शड्डू नाही, ललकारी नाही. बारपाशी उभा राहिलो आणि पाय फाकवले. सगळ्या हॉलला ती उभं राहायची तऱ्हा ओळखीची होती. कुणीतरी हळूच "दिल्या" म्हणालं.

जोर लावला तर बार हलेना. जुन्या पद्धतीत नाही हलला तर मी सोडून देतो, उगाच पाठ घालवायची नाही. पण सुमोत बार जमिनीवर रुसतो, हे तूच मला सांगायचास, मी न विचारता, मी कान झाकले तरी. "भिऊ नगंस. रेटत ऱ्हा. आधी येत न्हाई, मग एकदम येतोय." मी रेटत राहिलो. तुझं ऐकायची मला अजिबात इच्छा नव्हती, पण त्या वेळी दुसरं कुणी काही सांगत नव्हतं. आणि बार जमिनीवरून सुटला. गुडघ्यावरून वर आला, मांडीला लागला, मी ताठ झालो.

मग थांबायचं. पंच हात खाली करून "डाऊन" म्हणेपर्यंत बार धरून ठेवायचा असतो. मी समोर बघितलं. पहिल्या रांगेत, तुझ्या खुर्चीत, एक जाडा माणूस वडापाव खात होता. त्याचा घास हातातच राहिला होता, तोंड उघडं पडलं होतं. पाहिजे तसं उघडं. पण तोंड चुकीचं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो इकडेतिकडे बघायला लागला, आपलं काय चुकलं त्याला कळेना.

"डाऊन!"

मी बघतच होतो.

"डाऊन! शौकतभाई!" माने सर खुर्चीतून उठले. "आवं झालं! ठेवा की खाली! किती येळ धरताय?"

तेव्हा मी बार ठेवला. हाताचा घट्टा सोलून रक्त आलं होतं. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, म्हणजे उचल मान्य. टाळ्या उशिराने आल्या, पण आल्या.

बक्षिसं वाटून झाल्यावर माने सरांनी रंगाचा डबा आणि ब्रश आणला. बोर्डावर नाव तेच काढतात, अक्षर चांगलं आहे त्यांचं. शिडीवर चढले, टर्पेंटाइनचा बोळा तुझ्या नावाजवळ नेला आणि थांबले. खाली सगळे माझ्याकडे बघत होते, वडापाववालासुद्धा.

"पुसू न्हवं?"

मी वर्षभर ह्याच क्षणाची वाट बघितली होती, दिल्या. तोंडात "पुसा" हा शब्द तयार होता. पण पुसलं तर पुढच्या साली येणाऱ्या पोराला काय कळणार? शौकत बांगडीवाला, दोनशे साडेबारा. कुणापेक्षा जास्त? कुणाला हरवून? नुसता आकडा. माझी सगळी मेहनत फुकट.

"पुसू नका," मी म्हणालो. "माझं वर काढा. आन् त्याचं माझ्या खाली. दुसरा नंबर."

"आपल्याकडं दुसरा नंबर लिहीत न्हाईत."

"आता लिवा."

माने सरांनी जागा करायला जुनं पुसलं, वर माझं नाव काढलं, खाली रेघ आखली आणि ब्रश बुडवला. "दिलीपच्या आधी 'कै.' लावतो. तसं बरं दिसतंय."

"अजाबात न्हाई!" मी एवढ्याने ओरडलो की शिडी हलली. "मेलेल्या माणसाला हरवलं म्हणतील लोक. नुसतं दिलीप लिवा, सर. आन् अक्षर माझ्यापेक्षा बारीक काढा."